स्वच्छ नोंद

आमच्या शेजारचे सर भूकंपांचे संशोधक आहेत. खालून ट्रक गेला की बोलता बोलता कानडी वळणानं "स्वल्प थांबा" म्हणून ते भिंतीला तळहात टेकवतात आणि थरथर ओसरल्यावर वाक्य पुरं करतात. लांबच्या भूकंपाच्या लाटांवरून ते जमिनीच्या पोटातलं चित्र काढतात. धक्का मोठा असला तरच ते नीट उमटतं.

गेल्या हिवाळ्यात आसामकडे तसा धक्का बसला. सर प्रयोगशाळेतून थेट म्हैसूरपाक घेऊनच आले. गेटपाशी म्हणाले, "इतकी स्वच्छ नोंद! वर्षानुवर्षं वाट बघत होतो हो." मला एक तुकडा दिला, एक वॉचमनला. त्यानं तो दोन्ही हातांत घेतला, "थँक्यू, सर" म्हणाला आणि पुन्हा फोन लावत बसला.

"त्याचं गाव तिकडचंच आहे. सकाळपासून घरी फोन लागत नाहीये," मी सांगितलं, तेही माझा तुकडा गिळून झाल्यावर. सर डब्याचं झाकण लावायला लागले. ते काही केल्या लागेना.

संध्याकाळी फोन लागला, घरचे सुखरूप होते. वॉचमन आजही सरांना रोजच्यासारखा सलाम करतो. तेव्हा रस्त्यावर एकही ट्रक नसला, तरी सरांचा तळहात भिंतीवर टेकलेला असतो.