नागपूरचं गिऱ्हाईक

मुलचेऱ्याजवळच्या आमच्या गावातला बायांचा बचत गट मोहाचे लाडू करतो. मी त्यांची वेबसाइट बनवली आणि ती कोण बघतं हे कळावं म्हणून ॲनालिटिक्स लावलं. त्याच्या नकाशावर रोज सहासात जण दिसायचे, सगळे नागपूरचे. ऑर्डर एकही नाही.

"नागपूरवाले रोज पाहून राह्यले भाऊ, मंग घेऊन काऊन नाई राह्यले?" गटाच्या अध्यक्षबाई विचारायच्या.

महिन्यानं माझ्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला. आमच्या मोबाइलचं नेट नागपूरवरून येतं, म्हणून इथं कुणीही साइट उघडली तरी नकाशावर ठिपका नागपूरलाच पडतो. त्या नकाशाच्या लेखी आमचं गाव नाहीच. ते सहासात जण म्हणजे गटातल्याच बाया.

सांगायला गेलो, तर अध्यक्षबाई साइट उघडून बसलेल्या. "नागपूरची ऑर्डर आली का, पाहून राह्यली."

मी माझ्या मोबाइलवर नकाशा उघडला. नागपूरला आणखी एक ठिपका उमटला होता.