अकरा जणांचा मेल

फोन घ्यायचं ठरलं तेव्हा माझ्या एका मेल आयडीवर अकरा जणांचे फॉर्म होते. त्यातला माझा एकच.

आमच्या टोलीवरून, म्हणजे गावाच्या कडेच्या वस्तीवरून, कॉलेजात गेलेला मी पहिला. चंद्रपूरला प्रवेश घेताना मेल आयडी काढावा लागला, तेवढ्यावरून गावात माझं नाव झालं. तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून देणारा विचारायचा, "मेल आयडी?" आणि आमच्याकडचा माणूस खुशाल माझाच सांगायचा. टोलीचा पिनकोड एक, तसा मेलही एक. त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं.

मेल पाहायला मी कॉलेजच्या कॉम्प्युटर खोलीत जायचो. आठवड्यातून एकदा, तेही नंबर लागला तर. पण बारावीनंतर माझ्या चुलत बहिणीनं नर्सिंगचा फॉर्म भरला आणि तिथंही माझाच मेल दिला, तेव्हा मला भीती वाटली. निवड झाली की दोन-तीन दिवसांत हजर व्हावं लागतं, असं तिच्या बाईंनी सांगितलं होतं. फॉर्मवर काकांचा मोबाईल नंबर होता, पण आमच्या इथं रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, बांधावर चढलं की मिळते. काकांचा साधा फोन घरात कोनाड्यात पडून असतो. म्हणजे सगळं माझ्यावर होतं. नर्सिंगला नंबर लागला नाही तर धान कापून झाल्यावर ती इतर बायांसोबत तेलंगणात मिरची तोडायला जाणार, हे घरात ठरलेलं होतं.

चंद्रपूरच्या दुकानात मी तासभर उभा होतो. दुकानदार एकामागून एक कॅमेरे दाखवत होता.

"मले मेल पाहाचे आहेत," मी म्हणालो. "आन तारखा लिहून ठेवाच्या आहेत."

"मेल? साहेब झाला काय बे?" तो हसला. "फोटो नाई काढत?"

"कागदाचे काढतो."

त्यानं दोन फोन पुढे ठेवले. "मंग हे दोन पाय. याची बॅटरी दोन दिवस जाते, पन जागा कमी. याच्यात जागा भरपूर, पन सायंकाळी बंद पडते. बोल."

गावात लाइट गेली की दोन दोन दिवस येत नाही. मी बॅटरीवाला घेतला. ती निवड मला अजूनही चुकीची वाटत नाही.

पहिल्या आठवड्यात मी मेलमध्ये अकरा कप्पे केले, प्रत्येकाच्या नावाचा एक. कॅलेंडरात सगळ्यांच्या शेवटच्या तारखा टाकल्या. फोनमध्ये जागा कमी, म्हणून सगळ्यांच्या टीसी, मार्कशीट, जातीच्या दाखल्यांचे फोटो त्याच मेलच्या खात्यात आपोआप साठतील असं करून ठेवलं. आणि माझे व्हिडिओही. वर्गात इंग्रजीत शिकवलेलं मला एकदा ऐकून कळायचं नाही. मागच्या बाकावरून मी लेक्चर रेकॉर्ड करायचो, मग खोलीवर पुन्हा पुन्हा ऐकायचो. विचारायची लाज वाटायची.

काही महिन्यांनी मेल उघडला की वर एक पिवळी पट्टी दिसू लागली. इंग्रजीत होती. जागा संपत आली आहे, जास्तीची विकत घ्या, एवढं मला कळलं. मला ती जाहिरात वाटली. फोनमध्ये दर घडीला कोणी ना कोणी काही विकतच असतं. मी बोटानं पट्टी सारली. पुढे ती लाल झाली. लालही सारली.

शनिवारी मी गावी आलो की बहीण पाळीवर यायची.

"दादा, आलं का काई?"

"नाई."

"नीट पाय न."

"आलं असतं त दिसलं असतं. तुह्या नावाचा कप्पाच आहे वेगळा."

असे तीन शनिवार गेले. मी तिला कप्पा उघडून दाखवायचो. रिकामा. तीही मग मान हलवायची.

चौथ्या आठवड्यात कळलं की शेजारच्या गावातली तिची मैत्रीण, हिच्यापेक्षा कमी मार्कांची, नर्सिंगला हजर झालीसुद्धा. आम्ही गडचिरोलीला गेलो. नर्सिंग कॉलेजच्या ऑफिसातल्या मॅडमनी कॉम्प्युटर आमच्याकडे वळवला.

"हे बघ बेटा, तीन वेळा मेल केला. तिन्ही वेळा परत आला. फोनही लागला नाही. तुझी जागा पुढच्या मुलीला गेली." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

बाहेर येऊन मी ती लाल पट्टी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. जागा भरली आहे, नवीन मेल येणार नाहीत. यादी उघडली. दहा जणांचे कागद अगदी थोडे होते. सगळी जागा माझ्या लेक्चरांनी खाल्ली होती. मी त्यातली काही पुसली, तसा लगेच फोन वाजला. कुठल्यातरी क्लासच्या जाहिरातीचा मेल आला होता.

बहीण समोरच उभी होती. "काय झालं होतं?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "पायतो." बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली.

घरी काका जाळं विणत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "फोनमंदी बिघाड होता का बाबू?"

ते शब्द त्यांनीच माझ्या हातात दिले. मी म्हणालो, "हो काका."

संध्याकाळपर्यंत टोलीभर झालं की पोराला दुकानदारानं खराब फोन दिला. कुणी मला बोललं नाही. उलट एका म्हाताऱ्यानं दुकानदाराला शिव्या घातल्या.

धान कापून झालं. मिरचीला जाणारी पिकअप पहाटे पाळीवर येऊन उभी राहिली. बहिणीनं गाठोडं आत टाकलं. आत बसलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "पाय वं, नर्सबाई आली! मले एक सुई देजो!" बाया हसल्या. बहीणही हसली.

मी खाली उभा होतो. आता सांगू, असं मी मनाशी दहादा म्हटलं असेल. गाडी सुरू झाली तेव्हा तीच वाकून म्हणाली, "दादा, तो फोन बदलवून टाक. बाकीच्याइचं असं नको व्हाले."

"हो," मी म्हणालो.

फोन मी बदललेला नाही. त्यात काही बिघाड नाही. बॅटरी अजूनही दोन दिवस जाते.