घर रिकामं ठेवायचं नसतं

खाकी कपडे घालून मी जिना उतरायला लागले की आमच्या सोसायटीतले पहिल्या मजल्यावरचे काका हमखास विचारतात, "काय वहिनी, आज कुणाला आत टाकणार?" पोलीस वेगळे आणि आम्ही वेगळे, हे मी त्यांना इतक्यांदा सांगितलंय की आता ते मुद्दामच विचारतात, अशी माझी खात्री आहे. मी होमगार्ड आहे. एरवी सानपाड्याला राहते, घरातच ब्लाउज शिवते, आणि सरकारला गरज पडली की मशीनवर कापड टाकून निघते. पूर, आग, दरड, निवडणूक, जत्रा, मोर्चा, काहीही असो. तहसीलदार किंवा पोलीस मनुष्यबळ मागतात आणि आम्हाला फोन येतो. आमच्यात रिक्षावाले आहेत, मेडिकलच्या दुकानात बसणारे आहेत, कॉलेजात लॅब सांभाळणारी एक बाई आहे. आमचे पलटणनायक, म्हणजे आमच्या तुकडीचे प्रमुख, बेलापूरला एका वकिलाकडे टायपिंग करतात. परेडच्या मैदानावर मात्र त्यांचा आवाज ऐकून कबुतरं उडतात.

हुकूम द्यायचा अधिकार आमचा नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. हुकूम प्रशासनाचा, दोर अग्निशमनवाल्यांचा, गाड्या महापालिकेच्या. आमच्याकडे काय, तर एक काठी, एक शिट्टी आणि तोंड. माझ्या तोंडाबद्दल घरच्यांना शंका कधीच नव्हती. "तुला भरती करून सरकारने आमच्यावर उपकार केले, निदान काही दिवस तरी तुझा ओरडा बाहेरचे लोक खातात," असं नवरा म्हणतो. म्हणू दे. पाण्यात उतरलेल्या माणसाला मागे फिरवायला आवाजच लागतो.

त्या वर्षी गणपतीतच पावसाने ठाण मांडलं. गणपती बसून दोन दिवस झाले होते, गौरी अजून यायच्या होत्या. सकाळची आरती उरकते न उरकते तोच नायकांचा फोन आला. बेलापूरच्या टेकडीखाली घरांची एक जुनी ओळ आहे, तिच्या मागची माती सुटायला लागली होती. नवरा कामावर, मुलगी कॉलेजात. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या मखरासमोर पाट टाकून बसल्याच होत्या. "जा तू. मी हाय ना बाप्पापाशी," म्हणाल्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या. आमच्याकडे गणपती असताना घर रिकामं ठेवत नाहीत, कडीकुलूप तर लांबच. एक माणूस घरात हवंच. देव पाहुणा म्हणून आलाय आणि घरचे सगळे बाहेर गेलेत, असं कसं चालेल? हे मला कुणी मुद्दाम शिकवलेलं नाही, बघत बघतच अंगात भिनलं. म्हणून मी निर्धास्त निघाले.

टेकडीखाली पोहोचले तेव्हा घरांच्या मागच्या गटारातून चहासारखं पाणी वाहत होतं. त्यात बारीक खडेही येत होते. वरच्या अंगाला दोन झाडं वाकडी झाली होती, आणि ती सकाळी सरळ होती असं तिथलीच एक बाई सांगत होती. महसुलाचे साहेब छत्री सावरत म्हणाले, "अंधार पडायच्या आत ही ओळ मोकळी झाली पाहिजे. कुणालाही धक्काबुक्की नको. पण मोकळी झालीच पाहिजे." लोकांना खालच्या महापालिकेच्या शाळेत हलवायचं ठरलं.

माझा अनुभव असा की लोक घर सोडायला तयार होत नाहीत. भांडतात, रडतात, तासभर गॅस सिलेंडर बांधत बसतात. म्हणून मी बाह्या सरसावून तयारीतच होते. पण त्या दिवशी लोक भराभर निघाले. बायकांनी पिशव्या घेतल्या, मुलांना पुढे घातलं, दारं ओढून घेतली आणि चालायला लागल्या. "सगळे आले ना?" मी प्रत्येक दाराशी विचारत होते. "आलो, आलो," असं उत्तर येत होतं. घर मोकळं झालं की दारावर खडूने फुली मारायची, म्हणजे दुसरं पथक पुन्हा तिथे वेळ घालवत नाही, अशी आमची पद्धत. त्या ओळीतल्या बऱ्याच फुल्या माझ्या हातच्या. आपल्या आवाजाचा हा प्रताप, असं समजून मी स्वतःलाच हरभऱ्याच्या झाडावर चढवून बसले होते. साहेबही म्हणाले, "वा, तुमची माणसं फास्ट आहेत."

शाळेत खिचडीचं पातेलं आलं. वाढायला उभं राहण्याआधी मी घरी फोन लावला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "खालच्या मजल्यावर पानी शिरलंय. सोसायटीवाले सगळ्यांना वर टेरेसच्या खोलीत बोलवत्यात."

"मग जा ना वर!"

"मी कुठली जाते? बाप्पा हाय की घरात. त्याला एकटा टाकून जाऊ व्हय?"

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यांना धोका नव्हता, पण मी ओरडायला तोंड उघडलं. आणि तसंच उघडं राहिलं. हॉलमध्ये बाकांवर, सतरंज्यांवर ती सगळी कुटुंबं बसली होती. भाद्रपद महिना, आगरी-कोळ्यांची वस्ती. ह्यातल्या कुठल्या घरात गणपती नसेल?

मी जवळच्या एका तरुण सुनेसमोर जाऊन बसले. तिच्या मांडीवर मूल होतं. "तुमच्याकडे गणपती आहे?"

"हाय ना. धा दिवसांचा."

"त्याच्यापाशी कोण आहे आत्ता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मलाच काही कळत नाही असं तिला वाटलं असावं. "सासूबाई हायत ना. घर रिकामं कसं ठेवनार?"

पलीकडची म्हणाली, "आमचं भाऊजी हायत." तिच्या पलीकडची म्हणाली, "आमचा आजा." कुणी खोटं बोललं नव्हतं. आम्ही "सगळे आले ना" असं विचारलं होतं, आणि त्यांच्या दृष्टीने जायचे होते ते सगळे आले होते. राहायचा तो राहिला होता. आणि त्या बंद दारांवर मी फुल्या मारून आले होते. दुसरं कुठलंही पथक आता त्या दारांवर थाप मारणार नव्हतं.

मी नायकांना जाऊन सांगितलं. त्यांनी लगेच शिट्टी फुंकली. आम्ही सगळे पुन्हा वर निघालो.

ओळीच्या तोंडाशी पहिलंच घर त्या सुनेचं होतं. दार ढकललं तर आत समई शांतपणे तेवत होती, आणि शेजारी पाटावर एक म्हातारी बसलेली. काष्टी लुगडं, नाकात मोठी चमकी. ओळीतली सगळ्यात वडीलधारी हीच, हे लगेच कळलं. कारण आम्ही आत गेलो तशी शेजारच्या दारांतून एकेक डोकं बाहेर आलं आणि हिच्याकडे बघत उभं राहिलं. ही उठली तर सगळे उठणार, नाहीतर कुणीच नाही.

"आजी, चला. मागची माती कधीही खाली येईल."

"येऊ दे. मी नाय येनार."

आमच्यासोबतचा अग्निशमनचा जवान चिडला. "मॅडम, उचलून नेऊ या का? टाइम नाही आपल्याकडे."

आजीने त्याच्याकडे नजरही टाकली नाही. ती मलाच म्हणाली, "मना उचलशील. बाप्पाचं काय करशील गो?"

"बाप्पालाही घेऊ ना. शाळेत जागा आहे."

"हलवला म्हंजे गेला तो. पूजा क्येलेली मूर्ती धा दिस हलवत नाय, ठावं हाय ना तुला? का तुझ्याकडं बसत नाय गनपती?"

"बसतो. माझी सासू तुमच्यासारखीच बसलीय त्याच्यासमोर."

"मंग?"

मागच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं, स्वयंपाकघराच्या फरशीवर लाल चिखल पसरत होता. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मूर्ती कारखान्यातून आणलीत तेव्हा हातातच आणलीत ना?"

"तवा त्याच्यात प्रान नव्हता," आजी म्हणाली. "आता हाय. जित्ता बसलाय तो."

मला एकदम रागच आला. देवाचा नाही, तिचाही नाही, त्या झिरपणाऱ्या भिंतीचा. मी म्हटलं, "जिवंत आहे ना? मग ऐका आजी. जिवंत असेल त्याला ह्या टेकडीखालून बाहेर काढायचं, एवढीच माझी ड्यूटी आहे. त्यात तुम्ही आलात, तसा तोही आला. तुम्हाला घेऊन त्याला इथे सोडलं तर ती माझी चूक. म्हणून मी आधी त्याला नेते. तुम्हाला मागून यायचं तर या."

आजीने मूर्तीकडे बघितलं. मग ती माझ्या पायांकडे बघून खेकसली, "बूट काढ आधी. बूट घालून बाप्पाला हात लावतेस?"

आमच्या परेडचे बूट काढायला सोपे नसतात. भिजलेल्या नाड्या सुटेनात, तेव्हा मी त्या सरळ ओढून तोडल्या. बूट उंबऱ्याशी ठेवले, हात धुतले. आजीने मूर्तीवर अक्षता टाकल्या, पुटपुटत काहीतरी सांगितलं आणि स्वतःच मूर्तीसकट तिचा पाट माझ्या हातांवर ठेवला. शाडूची मूर्ती, चांगली जड. समई तिने पदराखाली घेतली. आम्ही बाहेर पडलो, आणि शेजारचा आजोबा ओरडला, "मोरया!" तेवढा एक शब्द पुरला. ओळीतली दारं उघडली. आमचे रिक्षावाले, मेडिकलवाले, लॅबवाली बाई, सगळ्यांनी दाराशी बूट काढले आणि एकेक गणपती उचलला. नायकांनी तर दोन्ही हात मोकळे ठेवून वाट करून द्यायचं काम घेतलं, कारण ते चिखलात सगळ्यात आधी घसरतात हे आम्हाला माहीत आहे. गणपती पुढे आणि त्यांची माणसं मागे, कुणाला ओढावं लागलं नाही.

शाळेच्या दाराशी आजीने मला अडवलं. "थांब. तशीच आत जाऊ नको." तिने कुणाकडून तरी तांब्या मागून घेतला आणि माझ्या पायांवर पाणी ओतलं. गणपती घरात आणणाऱ्याच्या पायांवर घालतात तसं. बोटांमधला चिखल तिने हाताने चोळून काढला. माझ्या दोन्ही हातांत मूर्ती, त्यामुळे पाय मागे घेता येईना. वर्षानुवर्षं बंदोबस्ताला उन्हात उभी राहिले तेव्हा कुणी पाणी विचारलं नव्हतं. मी रडले, आणि पावसात भिजलेली असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही असं मी अजून सांगते. लॅबवाली बाई म्हणते, सगळ्यांना कळलं.

मूर्ती दुसरीच्या वर्गात बाकांवर ओळीने ठेवल्या. आजीची समई मध्यभागी. आरती सुरू झाली, टाळ नव्हते म्हणून कुणी डब्याची झाकणं वाजवली. आरती अर्ध्यावर होती तेव्हा टेकडीच्या बाजूने आवाज आला. ट्रकमधून खडी एकदम ओतावी तसा, पण थांबेचना. झाकणं थांबली. मग वर्गातल्या माणसांनी आपापल्या माणसाचा हात पकडला.

थोड्या वेळाने साहेब आले. त्यांनी टोपी काढली होती. ओळीची तोंडाकडची बाजू गेली होती. आजीचं घर तर नावालाही उरलं नव्हतं, मखराच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत सगळं मातीखाली. त्यांनी ते हळू आवाजात मला सांगितलं आणि तुम्हीच तिला सांगा म्हणाले. माझं तोंड त्यांनाही माहीत झालं होतं.

मी आजीजवळ जाऊन बसले आणि सांगितलं. ती रडली नाही. समईतली वात पुढे सारली, तेल बघितलं. सुनेचा हात, नातवाचं डोकं चाचपलं. मग वर्गभर नजर फिरवून शेजारचा आजोबा, भाऊजी, एकेक जण बसलाय का ते बघितलं. आणि माझ्याकडे वळून विचारलं, "घर रिकामं व्हतं ना गो?"

"हो आजी. रिकामं होतं."

"नीट बघितलंस? कोन नव्हतं ना आत?"

"कोण नव्हतं. माझे बूट होते फक्त."

तिने माझ्या उघड्या पायांकडे बघितलं, आणि पदर पुढे करून त्यांच्यावर टाकला.