तुरीच्या चुकलेल्या ओळी

मेडशीकडून येताना आमचं शेत अगदी रस्त्याला लागून होतं, हेच माझं दुर्दैव. आत कुठे नाल्यापलीकडे असतं, तर माझी चूक कुणाला दिसलीही नसती.

मी नऊ वर्षांची असेन. पेरणीच्या दिवशी बाबा तिफण धरायचे, माय बियाणं सोडायची आणि मला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बाभळीखाली बसवलेलं असायचं. माझं काम राजाचं होतं. सोयाबीनच्या दोन फेऱ्या झाल्या, की तिसऱ्या फेरीला जोरात ओरडायचं, "तूर!" मग माय तिफणीमागच्या सरत्यात, म्हणजे बांबूच्या पोकळ नळीत, तुरीचे दाणे सोडायची. एक, दोन, तूर. एक, दोन, तूर. बालवाडीतल्या पोराला जमेल असं गणित.

पण त्या दिवशी ओल्या मातीतून मखमली लाल किडे बाहेर आले होते. त्यातला एक माझ्या अंगठ्यावर चढला. मी त्याच्यासाठी मातीचं घर बांधलं, त्याला दार केलं, मग दोन खोल्या वाढवल्या. मधेच बैलांच्या घुंगरांचा आवाज जवळ आला, की दचकून ओरडायचे, "तूर!" मायचं सगळं ध्यान मुठीतल्या बियाण्यावर. ती माझ्या भरवशावर होती. आणि मी इतकी खणखणीत ओरडत होते, की कुणी शंका घ्यावी असं काही नव्हतंच.

सोयाबीन वाढलं आणि सगळं झाकलं गेलं. दिवाळीआधी ते कापलं, तेव्हा रानात नुसती तूर उरली. कुठे दोन ओळी एकमेकींना खेटून, कुठे बैलगाडी वळवता येईल एवढं रान मोकळं. बरं, तूर काही लवकर निघत नाही. संक्रांतीपर्यंत ती तशीच उभी होती, आधी पिवळ्या फुलांनी, मग शेंगांनी लदबदून. एसटीच्या खिडकीत बसलेला प्रत्येक माणूस माझी चूक पाहत पाहत वाशीमला जात होता.

चहाच्या टपरीवर एकानं बाबांना विचारलंच, "काहो, तूर कोनं पेरली? पेरता पेरता डुलकी लागलती काय?"

"म्याच पेरली," बाबा म्हणाले आणि त्यांनी चहा बशीत ओतला.

मी शेजारीच बिस्कीट खात उभी होते. बाबा माझ्यासाठी खोटं बोलले, हे मनात पक्कं बसलं. त्यापेक्षा चार लोकांत रागावले असते तरी चाललं असतं. घरीही ते काही बोलले नाहीत. माय मात्र बोलली. "ध्यान कुठं असते तुयं?" हे तिचं वाक्य मी पुढे लग्न होईपर्यंत रोज ऐकलं. आता माय नाही, आणि त्या वाक्याचीसुद्धा मला आठवण येते.

मोठी झाले, शिक्षिका झाले, पण तुरीच्या ओळी काही सरळ झाल्या नाहीत. दूध उतू जाणं तर रोजचं. फॉर्मची शेवटची तारीख मला नेहमी दुसऱ्या दिवशी आठवायची. गेल्या वर्षी मी वर्गाचे तपासलेले पेपर एसटीत विसरले. गठ्ठा डेपोत सापडला, पण त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले. चाळिशी उलटलेली बाई, आणि रडत होते नऊ वर्षांच्या पोरीसारखी. मग हिय्या करून अकोल्याच्या मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, "एडीएचडी वाटतंय, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा विकार. पण हे मोठेपणी अचानक उगवत नाही. लहानपणी तुम्हाला पाहिलेलं कुणीतरी पुढच्या वेळी घेऊन या."

माय असती तर तिनं यादीच वाचली असती. उरले बाबा. मला भीती एकच होती, की ते पुन्हा प्रेमानं खोटं बोलतील. पोरगी हुशार होती, काहीच तक्रार नव्हती, असं म्हणतील. मग मी नुसतीच बेफिकीर ठरेन, आणि मदतीचं दार आपल्याच माणसाच्या हातानं बंद होईल.

झालंही तसंच. टोपी मांडीवर ठेवून बाबा म्हणाले, "लय चांगली होती, बाई. काईच तरास नाही."

मला राहवलं नाही. "बाबा, तुरीच्या ओळी सांगा ना. तुमी तवा माह्यासाठी खोटं बोलले होते."

बाबा खुर्चीतच माझ्याकडे वळले.

"खोटं? खोटं कायले बोलू? चूक माहीच होती ते. मले मोजनं जमत असतं, तं तुले धुऱ्यावर कायले बसवलं असतं?" मग ते डॉक्टरबाईंकडे वळले. "लग्न झालं त्या साली म्या तूर टाकाचीच विसरलो होतो. पुरं वावर नुसतं सोयाबीन! मंग माही बहीन मोजाले बसे. तिचं लगन झालं, मंग हिले बसवलं. हिची माय मले बी तेच म्हने, ध्यान कुठं असते तुमचं." जरा थांबून म्हणाले, "आडात हाये तेच पोहऱ्यात येईन ना, बाई."

डॉक्टरबाई हसल्या, आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. तीस वर्षं मी ज्या चुकीची एकटी मालकीण होते, तिच्यात बाबांचा अर्धा वाटा निघाला होता. औषध ठरलं, दर पंधरा दिवसांनी बोलायला यायचं ठरलं. बाबा मान डोलावून सगळं नीट ऐकत होते.

वाशीमच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. तिकिटासाठी पर्स उघडली आणि आतले सगळे कप्पे धुंडाळले. औषधाची चिठ्ठी डॉक्टरबाईंच्या टेबलावरच राहिली होती. बाबांना सांगायचीही लाज वाटली, पण सांगितलं.

"थांब," बाबा सीटखाली चाचपत म्हणाले, "माही छत्रीबी तिथंच हाये."

कंडक्टरनं घंटी मारायच्या आत आम्ही दोघं खाली उतरलो. विसरलेली वस्तू आणायला मी आजवर कितीदा परत गेले असेन, पण दरवेळी एकटीच.