मालकांचा डावा अंगठा

हात बघून भविष्य सांगणारे पैशाला पासरी मिळतील. पण माणसाच्या हाताची जमिनीसारखी मोजणी करणारा, आमच्या नांदे गावातल्या घरमालकांखेरीज दुसरा झाला नाही, होणारही नाही. मानेतला मणका सरकून त्यांचा डावा अंगठा सुन्न झाला. फिजिओथेरपीच्या बाईंनी भिंतीवरचं नसांचं चित्र दाखवलं आणि झालं, मालकांना जन्माचं काम मिळालं! "मान म्हंजी धरण. तितनं चाऱ्या निगत्यात. पाचवी दंडाला, सहावी अंगठ्याला न् त्याच्या शेजाऱ्याला, सातवी मधल्या बोटाला, आठवी करंगळीकडं. चारी तुंबली की तेवढंच रान कोरडं!"

मी खोली बघायला गेलो, तेव्हा नाव-गाव राहिलं बाजूला, पहिला प्रश्न आला, "मुंग्या कुटल्या बोटाला?" दिवसभर संगणकापुढे बसणारा मी, म्हटलं, करंगळीला. लगेच बॉलपेननं माझ्या हातावर बांध आखले. ते काही केल्या निघेनात. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये साहेबांनी कौतुकानं विचारलं, "टॅटू का?" पुढे त्याच बाईंनी मला तपासून सांगितलं की मान ठणठणीत आहे, टेबलावर कोपर टेकवणं बंद करा. मालक हार मानतात होय? "म्हंजी बांध कोपरात फुटला. पानी आठवीचंच!"

घरामागं त्यांचा भाताचा शेवटचा तुकडा. पोरांनी बिल्डरशी बोलणी पक्की केलेली, अडलं होतं फक्त बापाच्या अंगठ्यापायी. "ज्याला काय बी कळत न्हाई, त्यो अंगठा मी कागदावर उठवू व्हय? आदी बरा हुंद्या." मग काय! कधी पाण्याचा तांब्या न देणारी पोरं बापाची मान शेकू लागली.

यंदा एका सकाळी मालक बांधावर बसलेले दिसले. डावखुरा माणूस, डोळे मिटून डाव्या चिमटीत माती चोळत होते. "वाफसा आलाय. गार लागतंय," स्वतःशीच म्हणाले. पेरणीजोगी ओल त्या अंगठ्याला कळली होती! मी ओरडलोच, "मालक, अंगठा!"

"हळू! पोरं घरात हायेत."

मला हसू आलं. पण हे सोंग किती दिवस टिकणार? परवा थोरल्यानं माझ्यासमोरच विचारलं, "आबा, अंगठा?"

"सुन्न. लई सुन्न."

थोरल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "सहाव्या चारीला वेळ लागतो हो."

मालकांच्या नखात ओली माती होती. त्यांनी अंगठा हळूच मुठीत मिटून घेतला.