पन्नाशीची ओळ

नेलिदा कायुनसमोर लोक पाय पुढे करून बसत आणि खोटं बोलत. अडतीस हिवाळे तिने हेच ऐकलं.

तळ्याच्या काठावर, डोंगरात वर नेणाऱ्या, तारेवरून चालणाऱ्या पाळण्यांच्या पायथ्याशी, स्की भाड्याने देण्याची लाकडी शेड आहे. तिथे एका बुटक्या स्टुलावर बसून ती येणाऱ्याच्या पायात बूट चढवी, वजन आणि वय विचारून कार्डावर लिही, आणि भिंतीवरचा तक्ता पाहून स्कीवर बूट धरून ठेवणाऱ्या पकडीचा पेच फिरवी. पकड सैल राहिली तर वळणावर स्की उगाच निसटते आणि माणूस तोंडावर आपटतो. घट्ट राहिली तर पडताना बूट सुटत नाही, मग हाडच मोडतं. वजन जास्त तशी पकड घट्ट. पण पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी तक्त्यात एक ओळ वर जायचं आणि पकड हलकी ठेवायची, असा नियम.

जुलैच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याच्या, सुटीत राजधानीहून बसगाड्या भरभरून येत. पुरुष खोटं बोलत ते कसबाबद्दल. "मी तरबेज आहे, चांगली कसून द्या," म्हणणाऱ्याला डावा बूट कुठला आणि उजवा कुठला हे कळत नसे. बायका वय आणि वजन दोन्ही चोरत. त्याचं नेलिदाला काही वाटत नसे. वय चोरलं की पकड घट्ट होते, वजन चोरलं की सैल. दोन्ही चोरलं की आकडा आपोआप जागेवर येतो.

"बायकांच्या खोट्याला देवाने जोडी दिलीय," ती म्हणे. "एकटं खोटं तेवढं धोक्याचं."

तसं एकटं खोटं समोर आलं की ती हलकेच म्हणे, "बाई, मी काही पाद्री नाही, पण इथे कबुली दिली तर गुडघा वाचतो." बहुतेक जणी हसून खरं सांगत. लोकांनी सांगितलेलं खोटं तिने कार्डावर पुष्कळ लिहिलं, पण स्वतःच्या मनाचा एक आकडा कधी घातला नाही. डोंगरावरच्या बचाव पथकातले लोकही नेलिदाच्या अक्षरातलं कार्ड पाहिलं की पुढे काही विचारत नसत.

त्या पथकात तिचा धाकटा भाऊ ओस्वाल्दो वीस वर्षं होता. चार वर्षांपूर्वी त्याची बायको गेली, तेव्हापासून तो रविवारी बहिणीकडे जेवायला येई, मान खाली घालून जेवे आणि निघून जाई. या हिवाळ्यात मात्र तो रोज दाढी करू लागला. मग एका रविवारी त्याने रोसारियो शहरातली मिर्ता नावाची बाई जेवायला आणली आणि वसंतात लग्न करणार असल्याचं सांगितलं. मिर्ता पोटभर जेवली, भांडी घासू लागली. बोलता बोलता तिने बहिणीच्या पन्नासाव्या वाढदिवसाचा किस्सा सांगितला. वाढदिवस दोन वर्षांपूर्वीचा, आणि ती बहीण धाकटी. नेलिदाने मनातल्या मनात बेरीज केली: मिर्ता निदान त्रेपन्नची. ओस्वाल्दो मिर्ताकडे बघण्यात गुंग होता.

मंगळवारी दोघं शेडमध्ये आली. मिर्ताचे हातमोजे गाडीत राहिले होते, म्हणून ओस्वाल्दो ते आणायला गेला.

"वजन?" नेलिदाने विचारलं.

"त्रेसष्ट," मिर्ता म्हणाली. खरं होतं, बूट चढवतानाच नेलिदाला अंदाज आला होता.

"आणि वय?"

तेवढ्यात ओस्वाल्दो परत आला आणि मिर्ताच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

"अठ्ठेचाळीस," मिर्ता बुटाच्या बकलाकडे बघत म्हणाली.

"अरे, जरा माते चहा करून आण ना," नेलिदा भावाला म्हणाली. "घसा सुकलाय."

"खाली उतरल्यावर पिऊ ताई. दाखव, किती ठेवतेयस?"

त्याला तक्ता तोंडपाठ होता. अठ्ठेचाळीस आणि त्रेसष्ट लिहून पकड हलकी ठेवली तर त्याने लगेच विचारलं असतं. घट्ट ठेवली तर त्रेपन्न वर्षांचं हाड. आणि खरं सांगितलं, तर चार वर्षांनी हसायला लागलेला भाऊ. नेलिदाने पेन्सिल उचलली आणि वजनाच्या रकान्यात छप्पन्न लिहिलं. पकड एक ओळ हलकी झाली.

ओस्वाल्दोने कार्ड वाचलं. "छप्पन्न? काल हिला बर्फातून उचललं, हाताला तर जास्त लागली."

"हात म्हातारे झाले तुझे."

मिर्ताने कार्डाकडे पाहिलं, मग नेलिदाकडे. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

दिवसभर नेलिदा गिऱ्हाइकांचे बूट बांधत होती, पण कान बचाव पथकाच्या वायरलेसकडे होते. चारच्या सुमारास ती दोघं चालत आली. मिर्ता केसांपासून ढोपरापर्यंत बर्फाने माखली होती आणि तिची एक स्की ओस्वाल्दोच्या खांद्यावर होती.

"शेवटच्या वळणावर अशी आपटली की विचारू नकोस," तो म्हणाला. "पाय पार पिळला होता. पण पकड सुटली."

मिर्ता हसली नाही. तिने नेलिदाच्या हातून कोरं कार्ड घेतलं, उद्यासाठी स्वतःच भरलं आणि ओस्वाल्दोपुढे धरलं. त्याने वाचलं. परत वाचलं.

"त्रेपन्न?"

"हो. आणि वजन त्रेसष्ट. पाळण्यात शेजारची बाई सांगत होती, नेलिदाच्या हातचा आकडा कधी खोटा नसतो. माझ्यामुळे त्यांनी खोटं लिहिलं. मला पाळण्यातून उडी मारावीशी वाटली."

ओस्वाल्दो बाकावर बसला. उजवा पाय त्याने जपून लांब केला. नेलिदाच्या हातातला पेचकस नुसताच फिरत होता.

"बरं झालं," तो शेवटी म्हणाला. "उद्या मुलांच्या उतारावर जाऊ. माझा उजवा गुडघा शनिवारपासून सुजलाय."

"मग बोलला का नाहीस?" मिर्ता ओरडली.

"अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला कसं सांगणार?"

मिर्ताला हसू फुटलं आणि ती त्याच्या शेजारी धपकन बसली. नेलिदाने भावाची स्की ओढून मांडीवर घेतली. तिचा पेच तो पथकात असताना ठेवला होता तिथेच अजून होता.

"ताई, माझं मी बघतो."

"बघितलं ते. मिर्ता, तू लिही गं. हं ओस्वाल्दो, वय?"

"तुला माहीत आहे."

"कार्डावर घालायचंय. तोंडाने सांग."

ओस्वाल्दो खिडकीतून तळ्याकडे बघत म्हणाला, "एकोणसाठ."

मिर्ताने पेन्सिल खाली ठेवली. "मला पंचावन्न सांगितलं होतंस."

नेलिदा मान वर न करता म्हणाली, "वजन विचारू, की तुम्ही आधी भांडून घेता?"