उथळ पाण्यातला सरवा

परवा देवपूरच्या बाजारात सुकटीचा वास आला आणि मला मादागास्करचा तो किनारा आठवला. घरातला मी पहिला पदवीधर. स्वयंसेवक म्हणून तिथे गेलो तेव्हा समुद्र पहिल्यांदाच पाहिला.

मासळी वाढावी म्हणून काठचं उथळ पाणी सहा महिने बंद ठेवायचं, असं गावच्या बैठकीत ठरलं. बैठकीला मी होड्यांच्या मालकांनाच बोलावलं होतं. आमच्याकडे ज्याच्या नावावर सातबारा, त्यालाच विचारतात. मीही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या चिखलात मी लाल फडक्यांच्या काठ्या रोवत होतो. एक म्हातारी टोपली घेऊन आली. होडी नसलेल्या बायका तिथेच शिंपले वेचून पोट भरत.

"किती दिवस बंद?"

"सहा महिने, आजी. मग भरपूर मिळेल," मी त्यांच्या भाषेत अडखळत म्हणालो.

"मग एक काठी माझ्या पोटातही रोव," ती हसली आणि रिकामी टोपली घेऊन परतली. तिनं नियम पाळला याचंच मला समाधान वाटलं.

त्या संध्याकाळी आईला फोनवर हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. आई आयुष्यभर लोकांच्या शेतात भुईमुगाचा सरवा वेचत आली. काढणीनंतर मातीत राहिलेल्या त्याच शेंगांवर मी वाढलो. तिनं विचारलं,

"मंग ती माय आते काय खाई रे भाऊ?"

आईला यातलं शास्त्र काय कळणार, असं वाटून मी विषय बदलला. काठ्या सहा महिने तशाच उभ्या राहिल्या.